सुट्टी घरात कुणाकुणाला मिळते?



पाऊस परतला, सोयाबीनच्या सुड्या शेतात लागल्या आणि थ्रेशरचा आवाज रात्री उशिरापर्यंत गावात येऊ लागला, की आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या शाळांना दिवाळीच्या सुट्टीचे वेध लागतात. कपाशीची पहिली वेचणी याच दिवसांत. तुरी वाढलेल्या, बाजारात सीताफळांचे ढीग आणि हातगाडीवर उकडलेले शिंगाडे. दुपारी ऊन चटके देते आणि पहाटे चादर अंगावर ओढून घ्यावी लागते. मुलांना हाताशी धरून काही करावे, कुठे जावे, असे वर्षातले हेच दिवस.

सुट्टी लागण्याच्या आदल्या दिवशी आम्ही वर्गात एक प्रश्न हमखास विचारतो, "सुट्टीत काय करणार?" मुलग्यांची उत्तरे तऱ्हेतऱ्हेची असतात. कुणी मामूच्या गावी जाणार, कुणी क्रिकेट खेळणार, कुणी खरे बोलून टाकतो, "मोबाइल पाहणार, सर." मुलींची उत्तरे मात्र बहुतेक एकाच साच्यातली. अम्मीला मदत करणार. लहान भावाला सांभाळणार. कापूस वेचायला जाणार. घरकामात आणि शेतकामात कमीपणा काहीच नाही. पण एकाच बाकाच्या दोन टोकांना बसणाऱ्या दोन मुलांना सुट्टी या एकाच शब्दाचे दोन वेगळे अर्थ ठाऊक असावेत, हे शिक्षक म्हणून टोचते. आणि सुट्टी संपल्यावर पहिल्या आठवड्यात हजेरी घेताना काही नावांना उत्तर येत नाही, त्यांत मुली जास्त असतात, हे तर फारच टोचते.

म्हणून या महिन्यात पाककृती, हस्तकला आणि सहल हे तिन्ही विषय आम्ही एकाच प्रश्नाला बांधून मांडणार आहोत. सुट्टी घरात कुणाकुणाला मिळते?

आमच्या घरी आम्ही सहा माणसे. दादी, आम्ही दोघे, नववीतली थोरली, सातवीतला मधला आणि तिसरीतली धाकटी. सुट्टीच्या पहिल्या संध्याकाळी दस्तरखान आवरले की एक मोठा कागद मध्ये ठेवतो. घरात दिवसभरात होणारे प्रत्येक काम त्यावर लिहायचे. नळ आला की पाणी भरणे, झाडणे, पोळ्या, भाजी निवडणे, भांडी, कपडे धुणे, वाळत घालणे, घड्या करणे, दादींची औषधे, दूध तापवणे, कचरा टाकणे, दळण आणणे. यंदा तेवीस कामे निघाली. प्रत्येकापुढे ते काम रोज कोण करते त्याचे नाव लिहिले, तेव्हा अम्मीच्या नावापुढे तेरा आणि थोरलीपुढे पाच कामे होती. मधल्याच्या नावापुढे एक, दळण आणणे, आणि तेही सायकल फिरवायला मिळते म्हणून. धाकटीने बोटांवर मोजून पाहिले आणि भावाकडे बघून हसली. कुणाला रागवावे लागले नाही. कागदाने आपले काम केले होते.

मग तीच कामे सुट्टीपुरती पुन्हा वाटली. नियम दोनच. एक, प्रत्येकाला रोजची निदान दोन कामे. दुसरा, प्रत्येकाला, म्हणजे अम्मीलाही, दिवसातले दोन तास पूर्ण मोकळे. त्या वेळात तिला कुणी हाक मारायची नाही. घरात पुरुषाने कामाला हात लावावा हे काही नवे फॅड नाही. पैगंबर (स.) घरात काय करीत, असे विचारल्यावर हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितले की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की निघत. सहीह बुखारीतली ही रिवायत आपण मुलांना सांगतो. तिचा सराव करून घ्यायला सुट्टीइतका मोकळा वेळ दुसरा कोणता?

हस्तकलेपासून सुरुवात करू. थंडी तोंडावर आली की रजया बाहेर निघतात. जुन्या रजईतली रुई वर्षभरात गोळे होऊन बसते, तिच्यात ऊब राहत नाही. एके काळी पिंजारी खांद्यावर पिंजण घेऊन दारोदार फिरत. तातीचा तो टणत्कार दादींना अजून कानात आहे. आता पिंजायला बहुधा यंत्रे असतात, पण काम त्याच बिरादरीच्या हाती बरेचसे राहिले आहे. कुणी पिंजारी म्हणतात, कुणी मन्सुरी लिहितात, कुणी नद्दाफ. नद्दाफ हा अरबी शब्द, अर्थ कापूस पिंजणारा. मन्सुरी हे नाव सूफी मन्सूर हल्लाज यांच्याशी जोडले जाते, आणि हल्लाज म्हणजेही पिंजारीच. मुलांना शेजारच्या गल्लीतला धंदा, अरबी शब्द आणि आपल्या मातीतले पीक एकाच रजईत सापडले.

आम्ही जुनी रुई उन्हात पसरली, पिंजून आणली आणि तिच्यात थोडी नवी घातली. नवी रुई आणताना मधल्याला हिशेब घातला. शेतकरी विकतो तो कापूस सरकीसकट असतो. एक क्विंटल कापसातून रुई साधारण एक तृतीयांश निघते, बाकी बहुतेक सरकी. ती तेलाला आणि ढेपेला जाते. मग एकेरी रजईतल्या दोन किलो रुईसाठी शेतात किती कापूस वेचावा लागला? सहा किलो. आणि तो बोंडाबोंडातून, वाकून, बहुतेक बायकांनीच वेचलेला. हे उत्तर त्याने वहीत लिहिले आणि थोडा वेळ गप्प राहिला.

दादींच्या जुन्या सुती साड्यांची खोळ शिवली. गच्चीवर खोळ अंथरून रुई सारखी पसरायची, बारीक छडीने हलके ठोकत कोपऱ्यापर्यंत न्यायची, मग चार-चार बोटांवर दोरे घालायचे. दोरे घालायचे काम मधल्याकडे आणि अब्बूंकडे. शेजारचा त्याचा दोस्त म्हणाला, "हे तर बायकांचं काम." त्यावर दादींनीच उत्तर दिले, "बेटा, रजईला दोरे घालणारा पिंजारी पुरुष, कपडे शिवणारा टेलर पुरुष, शादीत देग उतरवणारा भटारीही पुरुष. पैसे मिळाले की पुरुषाचं काम, घरात फुकट केलं की बायकांचं, असं कुठं असतं का?" दोस्तही मग सुई घेऊन बसला. दोघांचे टाके वाकडे आले. रजई मात्र ऊबदार झाली, आणि ती दादींच्या पलंगावर गेली.

आता स्वयंपाक. दिवाळीत शेजारच्या काकूंकडून फराळाचे ताट येते आणि आपल्याकडे रिकामे ताट परत पाठवायची पद्धत नाही. ईदला आमचा शीरखुर्मा त्यांच्याकडे जातो, दिवाळीला काय पाठवायचे ते ऋतूच ठरवतो. यंदा मधल्याने सीताफळाची बासुंदी केली. दोन लिटर दूध मंद आचेवर निम्मे होईपर्यंत आटवायचे, साखर बेताची, वेलची थोडी. दूध पूर्ण गार झाल्यावरच सीताफळाचा गर घालायचा. गरम दुधात गर पडला तर दूध फाटू शकते आणि चवही कडवट होते. बिया काढायला वेळ फार लागतो. या एका कामात मधल्याचे दोन तास गेले आणि अम्मीला तिचे दोन तास मिळाले. काकूंनी ताट घेताना विचारले, "कुणी केली?" उत्तर ऐकून त्यांनी आपल्या मुलाकडे अशा नजरेने पाहिले की पुढच्या वर्षी त्यांच्याकडचा चिवडा तो करील असे दिसते.

सुट्टीतला दुसरा बेत रोडग्यांचा. वऱ्हाडात शेतातली पंगत म्हणजे रोडगे आणि वांग्याची भाजी. ओळखीच्या एका काकांचे सोयाबीन निघून वावर मोकळे झाले होते. त्यांनी आग्रहाने बोलावले, "सर, पोरायले घेऊन या." सहा-सात माणसांसाठी प्रमाण असे. गव्हाचे जाडसर पीठ एक किलो, मूठभर रवा, मीठ, ओवा आणि तेलाचे मोहन. पीठ घट्ट मळायचे. आधी एक लहान गोळा, त्याला तेल लावून वर दुसरी पारी, पुन्हा तेल, वर तिसरी, असे एकात एक भरून तोंड बंद करायचे. गोवऱ्या पेटवून ज्वाळ गेली की निखाऱ्यात रोडगे ठेवायचे, फिरवत राहायचे, मग गरम राखेत झाकायचे. वरून कडक झाले की फडक्यात घेऊन राख झटकायची, फोडायचे आणि वर साजूक तूप.

शेतातल्या पंगतीला चूल पुरुषांनी सांभाळायची ही आमच्या भागातली जुनीच रीत आहे. ती रीत घरात आणली की झाले. त्या दिवशी काका, अब्बू आणि मुलगे विस्तवाशी होते. अम्मी, दादी आणि काकू लिंबाखाली बसून बोलत होत्या. थोरली आणि धाकटी धुऱ्यावरून तुरीच्या ओळी मोजत लांबवर गेल्या होत्या. भाजी थोडी तिखट झाली. कुणी तक्रार केली नाही.

सहल ठरवायची वेळ आली तेव्हा मात्र घरात खरा प्रश्न उभा राहिला. बेत लोणारचा होता. मुलांच्या फुफी पाहुण्या आल्या होत्या. त्या प्रेमानेच म्हणाल्या, "भाभी, मुलं जाऊ द्या भाईजानसोबत. थोरलीला घरी ठेवा. मुलगी मोठी झाली, तिला स्वयंपाकाचा हात बसू द्या. उद्या सासरी काय म्हणतील?" थोरली भाजी निवडत होती. तिचा हात थांबला, पण ती काही बोलली नाही.

दादी बोलल्या. आपल्या लेकीला त्या म्हणाल्या, "बेटी, तुला हे मी कधी सांगितलं नाही. मी चौथीत होते. दिवाळीची सुट्टी लागली आणि घरात भाऊ जन्मला. अम्मी म्हणाल्या, सुट्टी आहे तोवर पाळणा सांभाळ. सुट्टी संपली, बाकीच्या मुली गेल्या, मी पाळण्याची दोरी धरून बसले. कुणी मला शाळा सोड म्हटलं नाही. कुणी जा असंही म्हटलं नाही. माझी पाटी शाळेतच राहिली." थोडे थांबून त्या म्हणाल्या, "लोणार इथून एवढं जवळ. साठ वर्षं ऐकते आहे. मीही येणार."

फुफींनी पदर डोळ्याला लावला. मग त्याच म्हणाल्या, "घराची किल्ली माझ्याकडे द्या, तुम्ही सगळे जा."

खर्चाचा हिशेब थोरलीने केला. एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे. पंचाहत्तर ओलांडलेल्यांना प्रवास मोफत, आणि दादी शहात्तरच्या. पूर्ण तिकीट फक्त अब्बूंचे आणि तेरा वर्षांच्या मधल्याचे. तिने हिशेब वाचून दाखवला आणि म्हणाली, "म्हणजे बायकांना घरी ठेवून पुरुषांनी जाणं परवडतच नाही." यावर कुणाकडे उत्तर नव्हते.

जाण्याआधी तीन दिवस मुलांनी एक तयारी केली. जुन्या वह्यांची पाने फाडून रात्रभर भिजत घातली, सकाळी मिक्सरमधून लगदा केला, टबातल्या पाण्यात मिसळला आणि पीठ चाळायच्या जुन्या चाळणीवर पातळ थर उचलून सुती कापडावर उलटा केला. वरून कापड दाबून पाणी काढले आणि सावलीत वाळवले. झाला हातकागद. दौलताबादहून खुलताबादला जाताना कागजीपुरा नावाचे गाव लागते. तिथे हातकागदाची परंपरा मुहम्मद बिन तुघलकाच्या काळापासून सांगितली जाते. आमचा कागद तिथल्या कागदापुढे ओबडधोबडच, पण कामाचा. थोड्या कागदावर थोरलीने बोरूने अलिफ गिरवला. नस्तालिकमध्ये अलिफची उंची त्याच बोरूच्या तीन नुक्त्यांएवढी असते, हे धाकटीला मोजून दाखवले. उरलेल्या कागदाच्या पट्ट्या हळदीच्या कोमट पाण्यात बुडवून वाळवल्या. त्या लोणारसाठी.

वाशीमहून रिसोड आणि रिसोडहून लोणार असा आमचा रस्ता. विवराच्या कडेवर उभे राहिलो तेव्हा धाकटीने दादींचा हात घट्ट धरला. जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंद आणि दीडशे मीटर खोल असा हा वाटोळा खड्डा आकाशातून आलेल्या अशनीने आपल्या काळ्या बेसाल्ट खडकात पाडलेला आहे. तळाशी सरोवर. जून २०२० मध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले होते. खारटपणा वाढल्यावर त्यात फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तसे झाले होते. त्याच वर्षी सरोवराला रामसर यादीत जागा मिळाली.

दादी आणि अम्मी वरच सावलीत बसल्या. आम्ही बाकीचे सावकाश खाली उतरलो. थोरलीने हळदीची पट्टी पाण्याला टेकवली. पिवळा रंग बघता बघता तांबडा झाला. मधल्याला जादू वाटली. थोरली क्षणभर विचार करून म्हणाली, "कुर्त्यावरचा हळदीचा डाग साबण लावला की असाच लाल होतो. म्हणजे साबणात जे आहे, ते या पाण्यातही आहे." अगदी बरोबर. दोन्हींत क्षार आहेत. हळद आम्लात पिवळी राहते आणि क्षारात तांबडी होते. मग अब्बूंनी सांगितले की अकबर बादशहाच्या काळात अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त या लोणारची नोंद केली आहे, आणि साबण व काच बनवायला लागणारे पदार्थ इथे मिळतात असे लिहिले आहे. चारशे वर्षांपूर्वीच्या फारसी ग्रंथातली गोष्ट नववीतल्या मुलीने कपडे धुताना पाहिलेल्या डागावरून ओळखली. भांडी-कपडे करणाऱ्या हातांना विज्ञान जवळचे असते. फक्त त्या हातांना कधीतरी सरोवरापर्यंत नेले पाहिजे. हा परिसर अभयारण्याचा आहे, म्हणून दगड, पाणी काहीही घरी आणायचे नाही, हेही मुलांना तिथेच सांगितले. तांबडी झालेली पट्टी तेवढी वहीत चिकटवली. वर चढून आल्यावर ती थोरलीने आधी दादींना दाखवली. दादींनी ती चष्मा पुसून दोनदा पाहिली.

लोणार लांब पडत असेल, तर आपल्या जिल्ह्यातच कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य आहे. सन २००० मध्ये जाहीर झालेले, सुमारे १८ चौरस किलोमीटरचे. वनखात्याकडे चौकशी करून, सकाळी लवकर जावे. दाट झाडी नाही म्हणून निराश होऊ नये, गवताचे मोकळे माळच काळविटांचे घर असते. पीळदार शिंगांचा काळा नर आणि बदामी रंगाच्या माद्या मुलांना लांबून ओळखायला लावाव्यात. आसपासच्या एखाद्या शेतकऱ्याशीही बोलावे. हरणे आणि रोही पिकात शिरल्यावर त्याच्यावर काय बेतते, ते मुलांनी त्याच्याकडून ऐकलेले बरे.

भगिनींनो, यातले सगळे एका सुट्टीत करायला हवे असे नाही. एक रजई झाली, एकदा रोडगे झाले, एक दिवस बाहेर गेलात, तरी पुष्कळ. पण जे कराल त्यात दोन गोष्टी नक्की पाहा. घरातल्या मुलीच्या वहीत या सुट्टीत पाहिलेली एक तरी नवी जागा लिहिली गेली का? आणि घरातल्या मुलाच्या हातचे एक तरी ताट कुणाच्या पुढे गेले का? बंधूंनो, कामांचा तो कागद तुम्हीच आणा, तुमच्या हाताने लिहा. आणि सुट्टी संपायच्या आदल्या रात्री मुलीचे दप्तर मुलाच्या दप्तराशेजारी भरून ठेवा. शेतात वेचणी जोरात असेल, घरात पाहुणे असतील, कुणी आजारी असेल, तरीही. घराची अडचण घरातल्या मोठ्यांनी वाटून घ्यावी, तिचा भार चौथीतल्या किंवा नववीतल्या मुलीवर टाकू नये.

आपल्या घरच्या कागदावर किती कामे निघाली आणि ती कशी वाटली, ते मासिकाच्या पत्त्यावर जरूर कळवा. पत्र मुलांच्या अक्षरात आले तर अधिक आनंद होईल. अल्लाह आपल्या सर्वांच्या घरात बरकत देवो. खुदा हाफिज.